हुडकेश्वरची पासपोर्ट खिडकी

नागपूरहून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र लांबच. त्यामुळे कूलरवाले शिवहरे बंदर बांधून राहिले, ही बातमी गेल्या हिवाळ्यात शहराच्या कडेच्या हुडकेश्वरमध्ये फिरली तेव्हा लोकांनी ती आधी हसण्यावारी नेली.

"काय गा ओमप्रकाश," समोरच्या गाळ्यात कूलर दुरुस्तीचं दुकान चालवणारा नत्थू रोज सकाळी शटर वर करताना ओरडायचा, "जहाज कुठं उतरवतो? नाग नदीत?"

"जहाज नाही बे. जहाजातून उतरलेला माणूस," ओमप्रकाश शिवहरे उत्तर द्यायचे. "देशात पाय ठेवला की तो पहिले कोणासमोर उभा राहते? माझ्या केबिनसमोर."

हे खरं होतं. दक्षिणेकडच्या एका बंदरातून शेजारच्या देशात प्रवासी फेरी जाते. तिथं आजवर पासपोर्ट आणि सामान तपासण्याचं काम जुन्या टिनाच्या शेडमध्ये चालायचं. आता नवं टर्मिनल उभं राहत होतं. इमारत दुसऱ्या कोणाची, छत तिसऱ्याचं. पण पासपोर्ट पाहणारा अधिकारी ज्यात बसणार त्या केबिन आणि कस्टम्सवाले ज्यावर बॅगा उघडणार ती टेबलं, एवढं काम मुंबईच्या मुख्य कंत्राटदारानं शिवहरे कूलर वर्क्सला देऊ केलं होतं. अट एक होती. आधी एक नमुना केबिन बनवायची. कंत्राटदार कंपनीची इंजिनिअर हुडकेश्वरला येऊन ती पाहील. पास झाली तर डझनभर केबिन आणि सगळी टेबलं इथंच बनतील. नाही झाली तर काम दुसऱ्या शहरातल्या कारखान्याला जाईल.

ओमप्रकाश साठीचे आहेत. उंची बेताची, मिशी काळी केलेली, शर्टच्या खिशात टेप आणि पेन्सिल. त्यांचे वडील लहानूजी नरखेडकडून नागपूरला आले ते वाळ्याच्या ताट्या विणत. सरकारी कचेऱ्यांच्या दारांना, साहेबांच्या बंगल्यांच्या खिडक्यांना ते ताट्या बांधायचे आणि वरून पाणी मारायला एक माणूस ठेवायचे. ओमप्रकाशनी ताट्यांना लोखंडी चौकट दिली, मागं पंखा बसवला, खाली टाकी केली. विदर्भात त्या काळात असे कूलर शंभर जणांनी केले असतील. शिवहरेंच्या कूलरचं वेगळेपण एवढंच, की तो खडखडत नसे. लग्नाच्या हॉलवाले त्यांच्याकडूनच नेत, कारण मंगलाष्टकं ऐकू यायची.

माणूस जिथं बसतो तिथं थंड हवा पाहिजे, हा त्यांचा धंदा होता आणि विश्वासही. त्याला कारण घडलं जकात नाक्यावर. तेव्हा भिलाईहून त्यांचा पत्रा यायचा आणि शहरात शिरताना नाक्यावर थांबायचा. मे महिन्यात रांगेत उभं राहायचं. टिनाच्या खोक्यात बसलेला कारकून घामानं भिजलेला असायचा आणि रांगेतल्या प्रत्येकावर ओरडायचा. एका उन्हाळ्यात ओमप्रकाशनी त्या खोक्याच्या पाठीला चौकोन कापला आणि आपला एक कूलर बसवून दिला. दुसऱ्या दिवशी कारकुनानं त्यांना "बसा ना शिवहरेजी" म्हटलं. बसायला जागा नव्हती, पण म्हटलं. पुढं जकात गेली, नाका गेला, खोकं भंगारात गेलं. गरम डोक्याचा अधिकारी रांगेला छळतो, हे मात्र ओमप्रकाशच्या मनात कायमचं पक्कं झालं.

कूलरचा धंदा एसीनं खाल्ला तो हळूहळू. त्यांची थोरली मुलगी उन्नती मेकॅनिकल इंजिनिअर झाली, पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आली आणि तिनं शेड हातात घेतला. "पत्राच वाकवायचा आहे ना बाबा, मग कूलरचाच काहून?" असं म्हणून तिनं वॉचमनच्या केबिन, तिकीट खिडक्या, टोल नाक्याच्या टपऱ्या सुरू केल्या. ओमप्रकाश कुरकुरले. मग पहिली टोलची केबिन ट्रकवर चढली तेव्हा ते तिच्यामागं स्कूटरवरून थेट बुटीबोरीपर्यंत गेले, ती कशी दिसते ते पाहायला. पाटी मात्र त्यांनी बदलू दिली नाही. शिवहरे कूलर वर्क्स ते शिवहरे कूलर वर्क्सच राहिलं.

बंदराचं काम मिळावं म्हणून उन्नतीनं वर्षभर फोन केले होते. नकाशे आले. खाऱ्या हवेत गंजणार नाही असं जाड स्टेनलेस स्टील मागवावं लागलं. ते नागपुरात हाताशी मिळत नाही, मागणी नोंदवून वाट पाहावी लागते. पत्रे आले, शेडमध्ये रचले गेले. उन्नती काच ठरवायला मुंबईला निघाली आणि जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत तुम्ही आणि कवडूकाका पत्रे नुसते मापून ठेवा."

कवडू शेडमधला सर्वांत जुना कारागीर. त्याला आणि ओमप्रकाशना नुसतं मापून ठेवणं माहीत नव्हतं. कूलरच्या धंद्याची रीत अशी, की हिवाळ्यात सगळा पत्रा कापून घ्यायचा. मशीनवर माप एकदा लागलं की अख्ख्या हंगामाचे तुकडे काढायचे. जोडणी उन्हाळ्याच्या तोंडावर. एक कूलर पुरा करून मग दुसऱ्याला हात घालणाऱ्याला या लाईनीत कोणी कारागीर म्हणत नाही.

ओमप्रकाशनी नकाशा टेबलावर पसरला. पुढच्या बाजूला काचेची मोठी खिडकी, एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला एसीच्या नळीपुरतं भोक. मागची बाजू कोरी.

"पाठीले काहीच नाही," ते म्हणाले.

"नाहीच दाखवलं सेठ," कवडू म्हणाला.

"विसरला असेन काढणारा. एसी बिघडला, लाईट गेली, मग आतला साहेब काय करेन? घामाघूम होईन आन् रांगेतल्या लोकायवर भुंकेन. बाहेर देशातून माणूस येऊन राहिला गा कवडू. पहिलंच तोंड असं दिसलं पाहिजे काय त्याले?"

"कूलरची खिडकी काढू म्हणता?"

"जाळी लावून देऊ. वापरली त वापरली, नाही त बंद राहीन."

समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, द्वारकेला, डिसेंबरात. हवा छान होती. एवढ्या वाऱ्यात कूलर किती सुरेख चालेल, असं तेव्हा त्यांच्या मनात आल्याचं त्यांना आठवलं.

उन्नती परत आली तेव्हा मागच्या बाजूचे सगळेच्या सगळे पत्रे भिंतीला टेकवून उभे होते. प्रत्येकात एक चौकोन, कडा घासून गुळगुळीत. डझनभर कूलरच्या खिडक्या.

तिनं बॅग खाली ठेवली.

"हे काय आहे बाबा?"

"हवेची सोय," ओमप्रकाश म्हणाले. "बेस्ट काम झालं. कवडूचा हात पाह्य."

"ही तपासणीची केबिन आहे. आत शिक्के राहतात, लोकांचे पासपोर्ट राहतात. तिच्या पाठीला भोक? आणि सगळे कापले? एक तरी सोडायचा ना!"

"जाळी लावू म्हटलं ना."

"जाळीचा प्रश्न नाही. तिथं कूलर चालतच नाही."

हे मात्र ओमप्रकाशना लागलं. "माझ्या कूलरले नावं नको ठेवू. कोर्टात चालला, एसटी डेपोत चालला, अन् बंदरावर काहून नाही चालणार?"

उन्नती थकलेली होती, पण ती ओरडली नाही. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. "बाबा, ऑगस्टमध्ये आपण कूलर लावला की कसं वाटते?"

"ऑगस्टात कोण लावते? अंग चिकचिक होते. हवाच ओली राहते, पाणी उडत नाही."

"तिथं बारा महिने ऑगस्ट आहे."

ओमप्रकाश तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या पत्र्यांकडे पाहिलं. चाळीस वर्षं कूलर केलेल्या माणसाला याहून जास्त समजावण्याची गरज नव्हती. कवडू उगाच ग्राइंडर पुसत बसला.

अडचण सरळ होती. भोक बुजवता येत नव्हतं, कारण केबिनच्या कोणत्याही बाजूला जोड चालणार नाही, असं कंपनीनं साफ लिहिलं होतं. खारी हवा जोडातूनच आत शिरते. नवे पत्रे मागवावेत तर ते येईपर्यंत इंजिनिअरबाईंची भेट होऊन गेली असती. भेट पुढं ढकला म्हणावं तर दुसरा कारखाना तयारच होता. वर्षभर मिळवलेलं काम एका दुपारच्या उत्साहात भिंतीला टेकून उभं होतं.

"पहिल्याच मोठ्या कामात वेळ मागितला तर काय म्हणतील?" उन्नती म्हणाली. "म्हणतील, कूलरवालेच शेवटी."

ओमप्रकाश जेवायला घरी गेले. घर शेडला लागूनच. शोभाताई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. आसपास कुठं बाळ झालं की पहिली झबली त्याच शिवतात, मोबदल्याचं नाव काढलं तर रागावतात. नवऱ्याचं तोंड पाहून त्यांनी पाय थांबवला.

"काय झालं जी तुमच्या बंदराले?"

त्यांनी सांगितलं. नेहमीपेक्षा कमी शब्दांत.

"म्हणजे पाठ कापून बसले," शोभाताई म्हणाल्या. "पोरीनं मापून ठेवा म्हटलं होतं ना? मीही ऐकलं होतं."

"तू नको सुरू होऊ आता."

"मी कुठं सुरू होऊन राहिली? मी त माझं झबलं शिवून राहिली." त्यांनी कापड उलटून धरलं. "हे पाहा, बोलता बोलता मागचाच गळा खोल कापला गेला माझ्याच्यानं. आता रडू काय? त्याचीच पुढची बाजू केली. पुढं त गळा खोलच लागते. न कापलेला तुकडा मागं लावला. बाळाले काय समजते?"

ओमप्रकाश पाटावर बसत होते ते अर्ध्यातच थांबले.

"पुढचे पत्रे कापले का तुम्ही?" शोभाताईंनी विचारलं. पण ते ऐकायला समोर कोणी नव्हतं. ताटातली भाकरी तशीच होती आणि दारातून चपलांचा आवाज शेडच्या दिशेनं गेला होता.

केबिन चौकोनी होती. पुढची आणि मागची बाजू एकाच मापाची. पुढचे पत्रे अजून कोरे होते. ओमप्रकाश आणि कवडूनं कापलेला एक पत्रा जमिनीवर पसरला आणि उन्नतीनं त्यावर खडूनं नकाशातली काचेची खिडकी आखली. काचेची खिडकी कूलरच्या खिडकीपेक्षा पुष्कळ मोठी होती. पण कूलरची खिडकी बसलेल्या माणसाच्या पाठीला धरून कापलेली, तिची खालची कड आखलेल्या रेषेच्या चार बोटं खाली गेली.

"नाही बसत," उन्नती म्हणाली.

कवडूनं डोकं खाजवलं. "उलटा फिरवला तर? अजून काठ कुठं वळवले आहेत आपण?"

त्यांनी पत्रा फिरवला. वरची कड खाली, खालची वर. उन्नतीनं पुन्हा आखलं. कूलरचा चौकोन आता काचेच्या चौकोनाच्या पोटात आला, चारही बाजूंनी जागा ठेवून. उन्नतीनं काटकोनाचा गुण्या लावून चारही कोपरे तपासले, मग परत तपासले.

"कापा," ती म्हणाली. "आणि बाबा, एकच. आधी एकच."

"एकच," ओमप्रकाश म्हणाले.

कंपनीच्या इंजिनिअर मिनल मॅडम आल्या तेव्हा नमुना केबिन शेडच्या मधोमध उभी होती. मॅडम चाळिशीच्या, कोकणातल्या, बोलायला साध्या, पण खिशात आरसा आणि छोटी बॅटरी घेऊन फिरणाऱ्या. दाराची बिजागरी त्यांनी उघडमीट करून पाहिली. छतावर पाइपनं पाणी सोडायला लावलं आणि स्वतः आत बसून कुठं थेंब येतो का ते पाहिलं. बाहेर येऊन त्या काचेच्या चौकटीपाशी थांबल्या आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"हे कटिंग फार सुरेख झालंय," त्या म्हणाल्या. "एवढ्या जाड पत्र्यात असे कोपरे मी कमी पाहिलेत. पहिल्याच फटक्यात?"

उन्नती हसली. हो म्हणायचं आणि पुढं जायचं, एवढंच राहिलं होतं. नमुना पास होत आला होता.

"नाही मॅडम," ओमप्रकाश म्हणाले. "दुसऱ्या फटक्यात. हा पत्रा पहिले मागचा होता."

उन्नतीनं डोळे मिटले. कवडू शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

ओमप्रकाशनी सगळं सांगितलं. कूलरची खिडकी, बारा महिने ऑगस्ट, उलटा फिरवलेला पत्रा. काम हातचं जाईल या भीतीनं काही गाळलं नाही. कामाची तारीफ घ्यायची तर ती झालेल्या कामाचीच घ्यायची, हा त्यांचा हिशेब. न झालेल्याची घेतली की ती अंगी लागत नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

"बाकीचे पत्रे कुठं आहेत?"

त्यांनी दाखवले. मॅडमनी एकेका चौकोनाच्या कोपऱ्यात बॅटरी मारली; कापताना करवत रेषेच्या पुढं गेली असेल तर तिथून पुढं पत्रा चिरतो. मग उन्नतीचा खडू घेऊन त्यांनी स्वतः चार-पाच पत्र्यांवर आखणी केली. वेळ लागला.

"पत्रा तोच आहे, जोड नाही, कोपरे साफ आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. "मला हरकत घ्यायला काही नाही. पण मला सांगा, कूलरची खिडकी का कापावीशी वाटली?"

ओमप्रकाशनी जकात नाक्यावरच्या कारकुनाची गोष्ट सांगितली. मॅडम पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "आमच्याकडं कूलर लावला तर कारकून जास्तच ओरडेल, शिवहरेजी. तिथं आत दोन एसी आहेत. एक बंद पडला की दुसरा, आणि लाईटला जनरेटर."

"अन् बाहेर रांगेत जो उभा आहे त्याच्या डोक्यावर?"

"मोठं छत आहे. पंखे आहेत. बसायला बाक आहेत."

"मग ठीक आहे," ओमप्रकाश म्हणाले, जणू मंजुरी त्यांनीच द्यायची होती.

एक गोष्ट मात्र उरली होती. आत बसलेल्या अधिकाऱ्याला समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसतो का, बुटका असो की उंच, हे मॅडमना खऱ्या माणसांवर पाहायचं होतं. "दहाबारा लोक मिळतील का? वेगवेगळ्या उंचीचे?"

हुडकेश्वरमध्ये असा प्रश्न विचारायचा नसतो. उन्नतीनं रस्त्यावर जाऊन हाक मारली आणि क्षणात शेडमधून फाटकापर्यंत रांग लागली. शेडमधले कामगार, शेजारपाजारच्या बाया, दोन कॉलेजची पोरं, दूध घेऊन निघालेली बायजाबाई, आणि सगळ्यांत पुढं घुसायला पाहणारा नत्थू. मॅडम आत खुर्चीवर बसल्या. पहिला मान शोभाताईंचा.

"नाव?"

"शोभा ओमप्रकाश शिवहरे."

"कुठून आलात?"

"हे काय मागच्याच घरातून."

"कुठं चाललात?"

"तुमचं झालं की परत मागच्याच घरात. कुकर ठेवून आली मी."

शोभाताई बुटक्या. मॅडमना त्यांचा चेहरा हनुवटीपासून कुंकवापर्यंत स्वच्छ दिसला. त्यांनी कागदावर खूण केली. बायजाबाईंनी दुधाची कॅन काचेसमोर धरून "हे उघडून पाहता काय?" म्हणून विचारलं, ते कस्टम्सच्या टेबलाशी जास्त शोभलं असतं. उंच पोरांना थोडं वाकावं लागलं, पण चेहरा दिसला. नत्थूची पाळी आली तेव्हा त्यानं आत डोकावून मॅडमना विचारलं, "इथून निघालो तर कुठल्या देशात पोहोचतो?"

"आधी तुमचा पासपोर्ट," मॅडम म्हणाल्या, आणि रांग हसली.

मॅडम बाहेर आल्या आणि उन्नतीशी हात मिळवला. "बाकीच्या सुरू करा," एवढंच म्हणाल्या. उन्नतीनं वडिलांकडे पाहिलं. ओमप्रकाशनी मान हलवली, जणू हे त्यांना सकाळपासूनच माहीत होतं. पण मिशीखालचं हसू त्यांना लपवता आलं नाही. कवडूनं तेवढ्यात मशीनचं बटण दाबलंही होतं.

काम संपलं तरी रांग हलेना. ज्यांची पाळी झाली नव्हती त्यांना काचेसमोर उभं राहायचं होतं, ज्यांची झाली होती त्यांना फोटो काढायचा होता. नत्थू पुन्हा मागून पुढं सरकत होता. ओमप्रकाशनी त्याचा खांदा धरून त्याला जागेवर नेऊन उभं केलं.

"लाईनीत राह्य गा," ते म्हणाले. "इंटरनॅशनल लाईन आहे ही."